औषधं : काही नाही

नोला ट्रेंबाथचे हात त्या प्रयोगशाळेत प्रसिद्ध होते. बाकी तिच्यात प्रसिद्ध होण्यासारखं काही नव्हतं. सेहेचाळीस वर्षांची, ठेंगणी, बिनलग्नाची बाई. सेमाफोरला समुद्राजवळ थोरल्या बहिणीच्या घरी राहायची, सकाळच्या बसने ॲडलेडला यायची आणि दुपारी स्वतःच्या डब्यातलं सँडविच स्वतःच्या खुर्चीवर बसून खायची. तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नसे. एकदा एक प्राध्यापक बसले होते, तर ती ते उठेपर्यंत शेजारी उभी राहिली होती.

काम असं होतं. शेजारच्या इस्पितळात एखाद्या बाईची गर्भपिशवी काढली, की तिच्या स्नायूचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा नोला बर्फगार मिठाच्या पाण्यात घालून थर्मासातून आणायची. त्याच्या काडीएवढ्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याची गाठ मारायची आणि कोमट पाण्याच्या काचेच्या नळीत ती उभी टांगायची. खालचा दोरा तळाच्या आकड्याला, वरचा एका हलक्या दांडीला. दांडीच्या टोकाला लेखणी, लेखणीखाली सरकता कागद. तासाभराने पट्टी जागी होई. मालकिणीपासून तुटलेला तो स्नायू आपला आपण आवळला जायचा, सैल पडायचा, पुन्हा आवळला जायचा आणि कागदावर एकामागून एक उंचवटे उमटायचे. गाठ जास्त आवळली तर मांस मरतं, सैल राहिली तर पट्टी घसरते. नोलाची गाठ सोळा वर्षांत कधी घसरली नव्हती.

ती शिकलेली अशी नव्हतीच. चौदाव्या वर्षी बंदरावरच्या बिस्किटांच्या कारखान्यात लागली, ती सत्तावीस वर्षांची होईपर्यंत तिथेच होती. मग इथे काचसामान धुवायला आली. एके दिवशी गाठ मारणारा माणूस आजारी पडला आणि जुने प्रोफेसर म्हणाले, “तू शिवणकाम करतेस ना, बघ जमतंय का.” जमलं. तेव्हापासून ती नळ्यांपाशी होती. आयुष्यात कोणी तिला बढती दिली असेल तर ती एवढीच.

जुने प्रोफेसर निवृत्त झाले आणि एकोणीसशे त्र्याहत्तर साली एडिंबराहून डॉ. लिडल आला. बत्तीस वर्षांचा, उंच, उन्हाने कायम लाल झालेला. सांधेदुखीवर सूज उतरवायला देतात त्या औषधांनी पिशवीचा स्नायू शांत कसा होतो, हे त्याला शोधायचं होतं. त्याने नोलाला पहिल्याच आठवड्यात सगळं नीट समजावून सांगितलं, हे त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. पिशवी स्वतःच एक पदार्थ तयार करते. त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन. त्या पदार्थाने स्नायू आवळला जातो, म्हणून पाळीत पोटात कळा येतात आणि दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या तर मूलही लवकर बाहेर पडतं. सूज उतरवणारं औषध हा पदार्थ तयारच होऊ देत नाही. पदार्थ नाही तर कळ नाही.

“म्हणजे पाळीला बाया लोळतात, ते थांबेल?” नोलाने विचारलं होतं.

“किती औषधाने थांबेल, तेच तर मोजायचंय.”

मोजणी काही पुढे जाईना. पाचांतल्या तीन पट्ट्या जाग्याच होत नव्हत्या. दोन-दोन तास लेखणी सरळ रेघ ओढत राही. जो स्नायू आधीच गप्प आहे, तो औषधाने शांत झाला की नाही हे कळणार कसं? लिडल रेघेकडे बघायचा, घड्याळाकडे बघायचा आणि “मेलेली” असं लिहून पट्टी फेकून द्यायचा. त्याने पाणी बदललं, त्यातलं मीठ बदललं, वायूचा सिलेंडर बदलला. बदलायचं काही उरलं नाही तेव्हा त्याची नजर नोलाच्या हातांवर गेली.

“नोला, तुमची नजर तपासून घेतलीत का अलीकडे?” त्याने एका सकाळी विचारलं.

“चष्मा गेल्या वर्षी बदललाय.”

“नाही, या वयात हात थोडे... गाठ मारताना दाबली जात असेल पट्टी.”

“माझ्या गाठीने आजवर पट्टी मेलेली नाही, डॉक्टर.”

“मग वाटेत उशीर होत असेल.”

“ऑपरेशनच्या खोलीपासून इथवर चार मिनिटं. पावसात पाच.”

लिडल भांडला नाही. भांडला असता तर नोलाला बरं वाटलं असतं. पंधरा दिवसांनी त्याने खाली मान घालून सांगितलं, की पुढच्या महिन्यात विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी येतेय, ती नळ्या बघेल. नोलाने काचसामानाचं बघावं. पगार तोच राहील.

“पगाराचं कोण विचारतंय,” नोला म्हणाली आणि नळ्या धुवायला निघून गेली. घरी जाऊन तिने बहिणीला सांगितलं तेव्हा डॅफ्नी बटाटे सोलत होती.

“तुझ्या हाताला काय धाड भरलीय? काल माझ्या बोटातला काटा तूच काढलास.”

“त्याला वाटतं, मी मारते पट्ट्या.”

“मग तू त्याला मारायचंस,” डॅफ्नी म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला.

नोलाला हसू आलं नाही. नवरा नाही, मूल नाही, चर्चच्या बायकांत ऊठबस नाही. एक गोष्ट तिला जगात इतरांपेक्षा चांगली येत होती आणि आता ती येत नाही असं ठरत होतं. तिच्या मनाला लागलं ते हे.

त्यातच तिची स्वतःची पिशवी काढायचं ठरलं. दोन वर्षं अंगावरून फार जात होतं, आत फायब्रॉइडच्या गाठी वाढल्या होत्या, सर्जनने आता टाळू नका म्हटलं. तारीख मिळाली ती नेमकी त्या मुलीच्या येण्याआधीच्या बुधवारची. मंगळवारी दुपारी नोला छोटी बॅग घेऊन त्याच इस्पितळात दाखल झाली, जिथून ती रोज थर्मास घेऊन निघायची. सिस्टर विल्मॉट तिला ओळखत होती.

“आज उलट्या दिशेने, नोला? बस. नाव-पत्ता मी भरलाय. दात खोटे?”

“खालचे दोन.”

“तुकडा प्रयोगशाळेला द्यायला हरकत?”

“माझी कसली हरकत.”

“सही कर. गोळ्या-औषधं काही चालू?”

“काही नाही.”

सिस्टरने ‘काही नाही’ लिहिलं आणि दुसऱ्या खाटेकडे वळली. तेवढ्यात चहाची गाडी आली. नोलाने कप घेतला, पर्समधून डोकेदुखीची पुडी काढली, कागद उलगडून पांढरी पूड जिभेवर उपडी केली आणि वर चहाचा घोट घेतला. बिस्किटांच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात मुकादम बाईने तिला हे शिकवलं होतं. पाळीने पोट धरून बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ती म्हणाली होती, “आ कर, पोरी,” आणि पूड जिभेवर टाकली होती. दहा वाजता चहाची गाडी यायची, तिच्यावर बिस्किटांच्या बशीशेजारी पुड्यांची बशी असायची. कळ असो नसो, सगळ्याजणी उचलायच्या. डोकं दुखलं की पुडी, कंटाळा आला की पुडी, नवऱ्याशी भांडण झालं की पुडी. वाण्याकडे मिळते, लॉलीपॉपच्या बरणीशेजारी.

घोट गिळताना तिची नजर पुडीच्या रिकाम्या कागदावर गेली. बारीक अक्षरात पहिलंच नाव होतं ॲस्पिरिनचं. गेलं वर्षभर लिडलच्या कपाटात दुसऱ्या फळीवर ज्या बाटल्या उभ्या होत्या, त्यांतल्या एकीवर हेच नाव होतं. ती बाटली नोलाच रोज पुसत होती. सूज उतरवणारी औषधं, म्हणून ज्यांच्यावर सगळं चाललं होतं, त्यांतलं हे एक.

तिने कागदाची घडी घातली. मग शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे मरे ब्रिजहून आलेली कोरल हचिन्स नावाची जाडजूड बाई केसांना रोलर लावत होती. तिचा नवरा तिथे दारूचा गुत्ता चालवायचा.

“तू औषधं घेतेस का गं काही?” नोलाने विचारलं.

“मी? छे. मला नाही झेपत औषधं.”

“आणि पुड्या?”

“पुड्या होय. त्या घेते की. त्या कोण नाही घेत?”

“किती?”

“मोजतंय कोण? सकाळी उठल्यावर एक, मग बार उघडताना... सात-आठ होत असतील. तू?”

“दोन-तीन,” नोला म्हणाली.

“दोन-तीनमध्ये तुझं काय भागतंय,” कोरल म्हणाली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आपणहून बोलली, “मी चहात घालते. साखर पण कमी लागते.” दाराजवळच्या शिक्षिकेने आधी नाही म्हटलं आणि मग पर्स उघडून दाखवली. खिडकीजवळच्या रोझा पेत्रुचीला प्रश्नच कळेना. ती नेपल्सजवळच्या खेड्यातून आलेली, टोमॅटोच्या मळ्यात राबणारी. पुडी हातात घेऊन तिने वास घेतला आणि परत दिली.

“डोकं दुखलं तर काय करतेस?” कोरलने तिला विचारलं.

“दुखू देते,” रोझा म्हणाली.

सगळ्यांच्या खाटांच्या पायथ्याशी माहितीच्या फळ्या टांगलेल्या होत्या. नोलाने उठून एकेक वाचली. औषधं: काही नाही. औषधं: काही नाही. पाचही फळ्यांवर तेच.

तिने गाउनवर दोरी बांधली, सपाता चढवल्या आणि निघाली. इस्पितळ आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या बोळकंडीत तिला तीन माणसं भेटली, तिघांनीही बाजूला होऊन वाट दिली. लिडल नळ्यांपाशी वाकून रेशमाच्या दोऱ्याशी झटत होता. उद्या तिचाच तुकडा येणार, तर गाठी मारणार कोण, म्हणून सराव चालला होता.

“नोला? तुम्ही खाटेवर असायला हवं.”

“उद्या माझा तुकडा येईल. पट्टी गप्प राहील. फेकू नका.”

“गप्प राहील हे तुम्हाला आत्ताच कसं माहीत?”

तिने पुडीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचला.

“हे काय आहे?”

“पुडी.”

“ते दिसतंय. कोण घेतं हे?”

“सगळ्या.”

“सगळ्या म्हणजे?”

“सगळ्या म्हणजे सगळ्या, डॉक्टर. तुमच्याकडे नसतील घेत. इथे आमच्या आया घ्यायच्या, आम्ही घेतो. तुमच्या पट्ट्या मेलेल्या नाहीत. त्या बायका तुमचं औषध घरूनच घेऊन आल्यात.”

“पण प्रत्येक अर्जावर स्पष्ट लिहिलंय, औषधं काही नाही.”

“माझ्याही अर्जावर तेच आहे. तासाभरापूर्वी मीच सांगितलं. आणि लगेच एक पुडी घेतली.” तिने कपाटाकडे बोट केलं. “खोटं नाही बोलले मी. पुडी म्हणजे औषध, हे कधी डोक्यातच आलं नाही. वर्षभर तुमची बाटली पुसतेय, तरी नाही आलं.”

लिडलने पुडीचा कागद पुन्हा वाचला. नोलाने कपाटातून जाड वही काढली आणि त्याच्यापुढे उघडली.

“ज्या पट्ट्या आपणहून जाग्या झाल्या, त्यांची नावं वाचा. मोठ्याने.”

“कारायानिस. डी फाब्रिझिओ. कोवाल्चिक. पापास. पेंगिली...”

“पेंगिली सोडली तर सगळ्या बाहेरच्या देशांतून आलेल्या. पेंगिलीबाई पुडी पोटाला सोसत नाही म्हणून घेत नाही. माझ्या बहिणीच्या चर्चमधली आहे. आता मेलेल्यांची वाचा.”

त्याने वाचली. हॅरिस, ओलिफंट, टॉनकिन, डॉसन. सगळी इथलीच, तिच्या शाळेतल्या हजेरीपटावर शोभतील अशी नावं. पान संपायच्या आधीच तो थांबला आणि मागच्या खुर्चीवर बसला. ती नोलाची खुर्ची होती. या वेळी तिने बसू दिलं.

“हे नुसतं वाटणं झालं,” तो शेवटी म्हणाला. “सिद्ध करायला...”

“फ्रीजमधली बाटली,” नोला म्हणाली.

ती बाटली म्हणजे तो पदार्थच, प्रोस्टाग्लँडिन, परदेशातून मागवलेला. अर्धीच उरली होती. फ्रीजची किल्ली लिडल गळ्यात घालून फिरायचा. मेलबर्नच्या परिषदेआधी शेवटचे प्रयोग करायला ती राखून ठेवली होती.

“स्नायू मेला असेल तर थेंब घालून काही होणार नाही. नुसता उपाशी असेल तर उठेल. माझ्या दोन पट्ट्या लावा, एकीला थेंब, एकीला नुसतं पाणी. आणि थेंब घालायच्या आधी पुरते दोन तास थांबा, तुम्हाला घाई असते.”

“आणि नाही उठली तर?”

“तर मी मारली म्हणा. बाटल्या धुवायला आहेच मी.”

बुधवारी काय झालं ते नोलाला माहीत नव्हतं. गुरुवारचा दिवस गुंगीत आणि ओकारीत गेला. पोटातल्या टाक्यांपेक्षा डोकं जास्त दुखत होतं. पुडी मिळाली नव्हती त्याचं ते दुखणं होतं, हे तिला आता कळत होतं आणि कळून काही उपयोग नव्हता. शुक्रवारी दुपारी भेटीच्या वेळेला लिडल आला. हातात कागदाची गुंडाळी आणि वही होती, फुलं नव्हती. नोलाला ते आवडलं.

त्याने गुंडाळी तिच्या पांघरुणावर पायांपासून छातीपर्यंत उलगडली. आधी सरळ रेघ होती, हातभर लांब, एकही उंचवटा नसलेली. मग निळ्या पेन्सिलीची खूण, थेंब घातल्याची. आणि खुणेपुढे बोटभर अंतरावर रेघ वर चढली. चढली ती कागदाच्या काठाला लागली, खाली आली, पुन्हा चढली. तिथून पुढे शेवटपर्यंत उंचवटेच उंचवटे.

“लेखणी दोनदा कागदाबाहेर गेली,” लिडल म्हणाला. “या वर्षातली सगळ्यात जोरकस पट्टी.”

“दुसरी?”

“दुसरीला पाणी दिलं. ती शेवटपर्यंत गप्प. हचिन्सबाईंच्या पट्ट्यांचंही तसंच, थेंब दिलेली उठली, पाण्यातली नाही. पेत्रुचीबाईंची मात्र एक तासात आपणहून सुरू झाली.”

नोला त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. बत्तीस वर्षं दर महिन्याला ज्या पिशवीला ती पूड टाकून गप्प बसवत आली होती, ती अंगातून निघून गेल्यावर एवढी बोलली होती. तिला वाईट वाटलं. अभिमानही वाटला आणि दोन्हींची थोडी लाजही वाटली. मग तिला कागदाच्या मध्यावर काही दिसलं.

“इथे रेघ घसरलीय. गाठ कोणी मारली?”

“मी.”

“सैल आहे.”

“माहितीय,” लिडल म्हणाला. “म्हणूनच आलोय. सोमवारी ती मुलगी येतेय. तुम्ही परत आलात की तिला गाठ शिकवायची. तोवर ती बाटल्या धुवेल. नळ्या तुमच्याकडे.” त्याने वही दुसऱ्या हातात घेतली. “मी तुम्हाला उगाच दोष दिला. माझी चूक झाली.”

“झाली,” नोला म्हणाली.

त्याने वही उघडली. वर्षभराची निम्मी पानं रद्द करायची होती, मेलबर्नला जाणं होणार नव्हतं, तरी तो बराच खूश दिसत होता. आता प्रत्येक बाईला नीट विचारायचं, पुड्या किती, आणि त्याप्रमाणे स्नायू किती गप्प होतो ते मांडायचं. पहिली ओळ नोलाची.

“रोज किती घेता?”

“सहा,” नोला म्हणाली.

त्याने सहा लिहिले. आभार मानले, गुंडाळी बांधली आणि दाराकडे निघाला. नोला छताकडे बघत पडून राहिली. सहा म्हटलं तर कोणाचं काय बिघडतं. कोरल शेजारी ऐकत होती, डॅफ्नी बाहेर येऊन थांबली असेल. पण तो आकडा आता तक्त्यात पहिल्या ओळीत बसणार होता आणि पुढे तिच्या पट्टीवरून दुसऱ्या बायकांचा अंदाज बांधला जाणार होता. सोळा वर्षांत तिने त्या वहीत चुकीचा आकडा जाऊ दिला नव्हता.

“डॉक्टर.”

तो वळला.

“सहा नाही. बारा.”

लिडल परत आला, पण वही त्याने उघडली नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघू लागला. डोळ्यांखालची सूज, त्वचेचा तो मातकट पिवळेपणा वर्षभर रोज समोर होता, पण त्याने आजवर फक्त हात बघितले होते. या पुड्या वर्षानुवर्षं घेतल्या की काय होतं, यावर इथल्याच डॉक्टरांनी लिहिलेलं त्याने वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण तो विषय मूत्रपिंडांचा होता आणि त्याचा नव्हता.

“किती वर्षं?” त्याने विचारलं.

“चौदाव्या वर्षापासून. आधी कमी होत्या. गेली वीस वर्षं बारा.”

“लघवी तपासलीय कधी? रक्त?” त्याचा आवाज एकदम खाली आला होता. “रात्री किती वेळा उठावं लागतं तुम्हाला? नोला, मी आत्ता किडनीच्या डॉक्टरांना...”

“बोलवा,” नोला म्हणाली. “आधी आकडा दुरुस्त करा.”